ओवीची सीट, नीळकंठरावांची एस्टीम

नीळकंठरावांच्या एस्टीमबद्दल जळगाव जामोदात दोन मतं होती, एक नीळकंठरावांचं आणि एक उरलेल्या गावाचं. गावाचं म्हणणं, ही गाडी भंगारवाल्यानं उचलून न्यायची तेवढी बाकी आहे. नीळकंठरावांचं म्हणणं, अशी गाडी आता कोणी बनवत नाही. पंचायत समितीत हेडक्लार्क असताना त्यांनी ती नवी घेतली होती. त्याला वीस वर्षं होऊन गेली, आरटीओत फेरनोंदणी झाली, तरी गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायची. आणि सुरू झाली की नीळकंठराव समोरच्या घरांकडे अशा नजरेनं बघायचे, जसं काही इंजिन त्यांनीच घरी बसून तयार केलं आहे.

अशा माणसाला मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, स्टेशनवर गाडी आणू नका. मी टॅक्सी ठरवली आहे."

मधुवंती लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिची ओवी तीन वर्षांची होत आली होती आणि नाताळच्या सुटीत पहिल्यांदाच आजोळी येणार होती. आजवर आजी-आजोबाच पुण्याला जायचे, फ्लॅटमध्ये पाय आखडून राहायचे आणि नातीचे पापे घेऊन परत यायचे. आता ती येणार म्हटल्यावर नीळकंठरावांनी मनातल्या मनात सगळा प्रवास आखून टाकला होता. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरवून घ्यायचं, एस्टीममध्ये बसवायचं, पूर्णेच्या पुलावर गाडी हळू करून पाणी दाखवायचं, दोन्ही अंगाला वेचणीला आलेला कापूस दाखवायचा आणि पुढे सातपुडा दिसायला लागला की म्हणायचं, तो पाहा आपला डोंगर. या सगळ्यात टॅक्सीला कुठेच जागा नव्हती.

"टॅक्सी काऊन? गाडी चालू आहे आपली," ते म्हणाले.

"गाडीचा प्रश्न नाही, बाबा. ओवी कार सीटशिवाय बसत नाही. म्हणजे मी बसू देत नाही."

"मांडीवर घे नं मंग. तुले आम्ही मांडीवरच नेलं सगळीकडे."

 मग मधुवंतीनं जे सांगितलं ते तिनं आजवर आईबापांपासून लपवून ठेवलं होतं. मागच्या वर्षी महामार्गावर एक जनावर आडवं आलं आणि जावयाला, आल्हादला, करकचून ब्रेक मारावा लागला. मधुवंतीच्या मांडीवरची पर्स, हातातला मोबाईल, मागच्या फळीवरची पाण्याची बाटली, सगळं उडून काचेवर आदळलं. तिचे हात रिकामे झाले होते. ओवी तेवढी तिच्या लहान कार सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेली होती, ती जागची हलली नाही.

"ती माझ्या मांडीवर असती तर काय झालं असतं, ते मी अजून रोज बघते," मधुवंती म्हणाली. "म्हणून टॅक्सी. ते लोक सीट बसवून आणतात."

आता यावर समजूतदार माणूस 'बरं' म्हणून फोन ठेवतो. नीळकंठराव म्हणाले, "मी बसवतो सीट."

"तुमच्या गाडीला मागं बेल्ट तरी आहेत का?"

"नाईत. कंपनीनं देलेच नाई त्या मॉडेलले."

"मग संपलंच की."

"तू मले फक्त हो म्हण."

मधुवंतीला बापाचा हा आवाज ठाऊक होता. ती म्हणाली, "ठीक आहे. बसवून आणा. पण मी स्वतः हलवून बघीन. बोटभर जरी हलली तरी आम्ही टॅक्सीत बसणार, आणि तुम्ही रुसायचं नाही. टॅक्सी मी रद्द करत नाही, सांगून ठेवते."

"नको करू," नीळकंठराव म्हणाले. पण फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आपल्या नातीला आपल्या गाडीतून न्यायला आपल्याला परीक्षा द्यावी लागणार आणि शेजारी टॅक्सी उभी राहून ती बघणार, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्याच दिवसापासून शोध सुरू झाला. गावातल्या दुकानदारानं मागणी नीट ऐकून घेतली आणि बसलं की पीं पीं वाजणारी प्लास्टिकची खुर्ची काढून दिली. "पोरगं खुश राह्यते," तो म्हणाला. नांदुऱ्याला एकानं मोटरसायकलच्या टाकीवर बसवायची वेताची बैठक दाखवली आणि ती दोरीनं कुठेही बांधता येते अशी खात्री दिली. एका ओळखीच्या सुतारानं तर मापच घ्यायला सुरुवात केली, सागवानी करू म्हणाला. नीळकंठराव या सगळ्यांवर डाफरले. खरं तर त्यांना स्वतःलाही कार सीट म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं, पण हे नव्हे एवढं कळत होतं.

शेवटी खामगावात मंजुश्रीबाईंच्या दुकानाशी गाठ पडली. लहान मुलांच्या गाड्या, पाळणे, खुर्च्या असं सगळं तिथं होतं. मंजुश्रीबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, आणि गिऱ्हाइकाला बसा म्हणण्याआधी प्रश्न विचारणाऱ्या.

"पोरीचं वय?"

"तीन व्हायची आहे."

"वजन?"

"तेरा किलो." हे नीळकंठरावांना तोंडपाठ होतं.

"गाडी कोणती?"

"एस्टीम."

मंजुश्रीबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. मग एक सीट पुढे ओढून तिच्या मागचे दोन लोखंडी आकडे दाखवले. "हे नव्या गाडीच्या सीटमधल्या खोबणीत खट्टदिशी बसतात. तुमच्या गाडीत खोबणी नसल. ही दुसरी आहे, ही गाडीच्या पट्ट्यानं बांधाची. पण पट्टा खांद्यावरून येणारा पाह्यजे. आहे?"

"नाई. मागं पट्टेच नाईत."

"मंग मी सीट देत नाई."

"अहो, मी घेतो म्हणून राह्यलो नं! कशानंही बांधून घेईन."

"काका," मंजुश्रीबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या ब्रेक लागला आणि तुमची नात सीटसकट पुढं आली, तर मी कोणाले तोंड दाखवू? आधी पट्टा करा. मंग या, चहा पाजते."

नीळकंठराव चिडले नाहीत, हेच नवल. आयुष्यभर त्यांनी कागद अपुरा आहे म्हणून लोकांना परत पाठवलं होतं. नियमानं परत पाठवणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात आदर होता. मात्र घरी पोचेपर्यंत सगळी उमेद गळून गेली. गाडी पोर्चमध्ये लावली आणि ते आतच बसून राहिले. वासंतीबाई बाहेर आल्या, खिडकीतून वाकून बघितलं आणि काही न विचारता चहा तिथंच आणून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याच्या नुसत्या पाठीवरून मनातलं कळत असे.

चहा पोटात गेल्यावर नीळकंठरावांनी नांदुऱ्याच्या मेकॅनिकला फोन लावला. मागं पट्टे बसवून देशील का, असं विचारलं.

"देऊ नं," तो म्हणाला. "पण पह्यले मागची सीट उघडून पाहा साहेब. नटाचे भोकं हाईत का नाईत, ते सांगा."

सीट उघडायची म्हणजे आधी कव्हर काढायचं. आणि इथं वासंतीबाईंचा संबंध येतो.

वासंतीबाईंना उघडी वस्तू बघवत नसे. घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहायचा. मिक्सरला घेरदार झबलं होतं, फ्रिजच्या मुठीला झालर होती, आणि सोफ्यावरच्या कव्हरवर पाहुणे आले तरच काढायचं आणखी एक कव्हर होतं. नीळकंठरावही त्या बाबतीत काही कमी नव्हते. एस्टीम अकोल्याहून आणली त्या दिवशी ती देवळात जाण्याआधी सीट कव्हरवाल्याकडे गेली होती. कंपनीचं प्लास्टिक तसंच राहू दिलं, त्यावर फोम, फोमवर रेक्झिन, आणि घरी आल्यावर रेक्झिनवर वासंतीबाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं सुती. गाडीच्या मूळ सीटचा रंग कोणता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. खिडक्यांना पडदे होते. मागच्या दोन्ही खिडक्यांच्या कडेला वर एक काळी रुंद पट्टी होती, ती कंपनीनं पडदा अडकवायला दिली आहे असं नीळकंठरावांचं ठाम मत होतं, आणि वीस वर्षं पडदा तिथंच अडकवलेला होता.

नीळकंठराव कात्री घेऊन आले तेव्हा वासंतीबाई दारात आडव्या झाल्या.

"कापू नका हो! चांगलं आहे ते अजून."

"कापतो. मले खालचं पाहाचं आहे."

"शिवण उसवते मी. द्या इकडे."

मग दोघं मागच्या दारांतून आत शिरून समोरासमोर उसवायला बसली. फुलांचं निघालं. रेक्झिन निघालं, त्याखालचा फोम भुगा होऊन हाताला लागला. वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. शेवटी कंपनीचं प्लास्टिक पिवळं पडून चरचर करत सुटलं, आणि खालून राखाडी मखमली सीट वर आली. नवीकोरी. तिच्यावर वीस वर्षांत एकही माणूस बसलेला नव्हता.

सीटच्या आणि पाठीच्या फटीत काहीतरी होतं. नीळकंठरावांनी बोटं घालून ओढलं तर घडी घातलेला रुंद काळा पट्टा बाहेर आला. त्याला बांधलेलं रबर हात लागताच तुटून पडलं. पट्टा आणखी ओढला तर तो पाठीमागून वर गेला आणि थेट पडद्याच्या त्या काळ्या पट्टीला जाऊन मिळाला. फटीत खाली लाल बटणाचं कुलूप रुतून बसलं होतं.

"काय आहे वो हे?" वासंतीबाईंनी विचारलं.

नीळकंठरावांनी पट्ट्याची जीभ कुलपात घातली. खट् असा आवाज झाला. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पूर्ण पट्टा त्यांच्या अंगावर बसला होता. दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा होता.

"बेल्ट," ते म्हणाले.

"कंपनीनं देलेच नाईत म्हणत होते नं?"

"त्या कव्हरवाल्यानं आत दाबून टाकले! नालायक माणूस!"

"कव्हरवाल्यानं?" वासंतीबाईंनी कमरेवर हात ठेवला. "मी होती तिथं. तो विचारत होता, साहेब, हे बाहेर काढून ठेवू का? तुम्ही म्हणले, हे लोंबतं ते आत टाक, नव्या गाडीत असं चांगलं नाई दिसत. आन पडदा कुठं लटकवाचा तेही तुम्हीच दाखवलं."

नीळकंठरावांना तो दिवस लख्ख आठवला. आपला हातही आठवला, 'आत टाक' म्हणताना उडवलेला. ते गाडीत पट्टा बांधलेल्या अवस्थेत बसून राहिले आणि वासंतीबाईंना हसू फुटलं. त्या हसत हसत गाडीतून उतरल्या, पायरीवर बसल्या, डोळ्यांना पाणी आलं तरी हसत राहिल्या. शेवटी नीळकंठरावही हसले. मग वासंतीबाई एकदम थांबल्या.

"आपली मधू ह्याच्यावर बसून फिरली," त्या म्हणाल्या. "दहावीपर्यंत. अकोला, शेगाव, नागपूर. पट्टे खाली आन लेकरू वर."

  नीळकंठरावांनी लाल बटण दाबून पट्टा सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. मग उठून ते उजेडात पट्ट्याचा इंच न् इंच तपासत बसले. ऊन नाही, धूळ नाही, कोणाचा हात नाही. पट्टा दुकानातून आणल्यासारखा होता.

"माह्या कव्हरामुळं टिकले," वासंतीबाई म्हणाल्या. "हे बी लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी आधी नांदुऱ्याच्या मेकॅनिकनं पट्ट्यांचे बोल्ट, कुलपं सगळं खोलून पाहिलं, गंज नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा आवळून दिलं. तिथून नवराबायको सरळ खामगावला गेली. नीळकंठरावांनी दुकानासमोर गाडी उभी केली आणि मंजुश्रीबाईंना हात धरून आणावं तसं बाहेर आणलं. मागचं दार उघडलं.

"हे पाहा."

मंजुश्रीबाईंनी पट्टा ओढला, झटका दिला, कुलूप लावून पाहिलं. "काल नव्हते म्हणत होते."

"सापडले," नीळकंठराव म्हणाले. कुठं सापडले ते त्यांनी सांगितलं नाही. वासंतीबाईंनी सांगितलं, सविस्तर. शेजारचा पानवालाही ऐकायला आला.

पहिली सीट गाडीत घातली तर ती एवढी रुंद की पट्ट्याचं कुलूप तिच्याखाली गेलं. दुसरीची पाठ मागं टेकेना, ती डोकं पुढं काढून बसली. रस्त्यावर आता माणसं जमली होती आणि जो तो सल्ला देत होता. एकाचं म्हणणं उलटी लावा, एकाचं म्हणणं दार काढून बसवा. नीळकंठरावांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. तिसरी सीट निळ्या रंगाची होती, तळाला अरुंद. ती आत गेली आणि राखाडी मखमलीवर नीट टेकली.

"आता इकडे लक्ष द्या," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "पट्टा ह्या खाचेतून असा न्यायचा. कुलूप लावायचं. मंग गुडघा सीटमधे रोवायचा, सगळं वजन टाकायचं आणि पट्टा ओढायचा. लाजायचं नाई."

नीळकंठराव सत्तरीकडे झुकलेले, धोतरात नव्हे तरी इस्त्रीच्या पँटीत. भर बाजारात त्यांनी गाडीत गुडघा रोवला आणि पट्टा ओढला. मंजुश्रीबाईंनी सीट धरून हलवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काका, हा पट्टा तं लय बेस आहे! नव्या गाडीतले पट्टे सुटून येतात, पुन्हा गुंडाळतात, त्याईले अडकवून ठेवा लागते. हा जुन्या पद्धतीचा, आवळला तिथंच राह्यते. तुमच्या गाडीत ही सीट नव्या गाडीपेक्षा घट्ट बसली पाहा."

हे वाक्य ऐकून नीळकंठरावांनी जमलेल्या लोकांकडे एकदा सावकाश नजर फिरवली. पैसे देताना त्यांनी घासाघीस केली नाही. वासंतीबाईंना ते इतकं अनोळखी वाटलं की त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यानंतर गावच्या लोकांना काही दिवस एक विचित्र दृश्य बघायला मिळालं. एस्टीमच्या मागच्या सीटवर, निळ्या खुर्चीत, तुरीच्या डाळीचं पोतडं बसलेलं असायचं, तेरा किलोचं, पट्टे बांधून. नीळकंठराव त्याला घेऊन संग्रामपूरच्या रस्त्यानं निघायचे. खड्डा दिसला की मुद्दाम त्यातून न्यायचे, मोकळा रस्ता बघून ब्रेक मारायचे आणि खाली उतरून सीट तपासायचे. "डाळीले कुठं नेऊन राह्यले हवा खायाले?" असं कोणी विचारलं की ते काच वर करून पुढच्या खड्ड्याकडे निघायचे. पहिल्या दिवशी सीट थोडी डुगडुगली. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा गुडघा रोवला. दुसऱ्या दिवशी कमी डुगडुगली. मग एका सकाळी त्यांनी दोन्ही हातांनी सीट हिसडून पाहिली आणि त्यांच्या हाताला कळलं की आता जमलं.

मधुवंतीची रेल्वे यायच्या दिवशी ते नांदुरा स्टेशनात फार लवकर पोचले. वासंतीबाई स्वयंपाकासाठी घरी थांबल्या होत्या. एस्टीम धुतलेली, पुसलेली, पडदे काढलेले. तिच्या शेजारी थोड्या वेळानं टॅक्सी येऊन उभी राहिली, नवीकोरी, चंदेरी, काचेवर अजून दुकानाचं स्टिकर. आत व्यवस्थित बसवलेली लहान मुलांची सीटही होती. तिचे चालक शंकरराव भला माणूस. त्यांनी एस्टीमकडे पाहून विचारलं, "काका, हिचे पार्ट भेटतात का अजून?"

"लागतच नाईत," नीळकंठराव म्हणाले.

रेल्वे आली. आल्हाद बॅगा ओढत, मधुवंती ओवीला कडेवर घेऊन बाहेर आली. ओवी आजोबांकडे झेपावली, आजोबांनी तिला घेतलं आणि एवढ्या दिवसांचं टेन्शन असूनही त्यांचं मन भरून आलं. मधुवंतीनं वाकून नमस्कार केला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"कुठंय सीट?"

नीळकंठरावांनी दार उघडलं. मधुवंती आधी नुसती बघत राहिली. "बाबा, ही सीट राखाडी आहे? आपल्या गाडीची?"

"हो. ते मंग सांगतो. तू पाहून घे."

तिनं पट्टा कुठून गेलाय ते बघितलं. कुलूप ओढून पाहिलं. मग सीट तळाशी दोन्ही हातांनी धरली आणि डावी-उजवीकडे हलवली. शंकरराव टॅक्सीतून उतरून बघायला आले. दोन रिक्षावालेही आले. मधुवंतीनं पाय रोवला, ओठ दातांत धरला आणि पुन्हा सगळा जोर लावून हिसका दिला. एस्टीम उजवीकडे झुकली, डावीकडे झुकली, तिच्या स्प्रिंगा करकरल्या. निळी खुर्ची मात्र जागची हलली नाही.

"आल्हाद, तू बघ रे."

आल्हाद रोज जिमला जाणारा. त्यानं बाह्या सारल्या, सीट धरली आणि हलवली. पुन्हा गाडीच हलली. रिक्षावाल्यानं शिट्टी मारली. आल्हाद मागं सरून म्हणाला, "ही आपल्या गाडीतल्यापेक्षा घट्ट आहे."

मधुवंती बापाकडे वळली. इतका वेळ पुण्याचं, तोलून मापून बोलणारी ती बाई एका क्षणात कुठं गेली कोण जाणे.

"बाबा! हे तं हलूनच नाई राह्यलं!"

आणि तिनं ओवीसकट बापाला मिठी मारली, भर स्टेशनात. नीळकंठरावांना काय करावं कळेना. त्यांनी एका हातानं नातीला सांभाळलं, दुसऱ्यानं मुलीच्या डोक्यावर थोपटलं. आजवरच्या आयुष्यात त्यांना कोणी एवढं मोठं सर्टिफिकेट दिलं नव्हतं, आणि त्यांनी ते लोकांसमोर घेतलं, यात त्यांना फार आनंद झाला.

"आता टॅक्सीचं काय?" आल्हादनं विचारलं.

"आगाऊ सांगितली आहे, तर तिला जाऊ कशाला द्यायचं?" मधुवंती म्हणाली. "बॅगा टाक तिच्यात."

म्हणून नांदुऱ्याहून त्या दिवशी जी वरात निघाली तिच्यात पुढं पांढरी जुनी एस्टीम होती, आणि तिच्या मागं बॅगा घेऊन नवीकोरी चंदेरी टॅक्सी. शंकररावांनी एकदा पुढं काढायचा प्रयत्न केला. नीळकंठरावांनी आरशातून त्यांच्याकडे असं बघितलं की ते निमूट मागं राहिले.

ओवी निळ्या खुर्चीत उंच बसली होती, तिला खिडकीतून सगळं दिसत होतं. पूर्णेच्या पुलावर आजोबांनी गाडी हळू केली. "पाणी!" ओवी ओरडली. "कापूस!" "म्हैस!" "अजून म्हैस!" सातपुडा दिसला तेव्हा आजोबा म्हणाले, "तो पाहा, आपला डोंगर," आणि ओवीनं विचारलं, "कोणी ठेवला?" मधुवंती तिच्या शेजारी बसली होती, दुसरा पट्टा बांधून. आरशात नीळकंठरावांना दोघी दिसत होत्या. इतकं सुख एका आरशात मावतं हे त्यांना आज कळलं.

गल्लीत शिरताच वासंतीबाई दिसल्या. हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा, नात पहिल्यांदा उंबरा ओलांडणार म्हणून. नीळकंठरावांनी ब्रेकवर पाय ठेवला.

"अजून!" मागून ओवी म्हणाली. "आजोबा, थांबू नका. अजून गाडी!"

नीळकंठरावांनी आरशात बघितलं. ते नातीकडे नव्हे, मुलीकडे बघत होते. परवानगी तिनं द्यायची होती.

मधुवंतीनं ओवीच्या छातीवरचा पट्टा एकदा चाचपला. मग ती म्हणाली, "न्या, बाबा. तुम्हाला वाटेल तिथं न्या. ह्या गाडीत ती बसली की मला आता भीती नाही."

बस्स. यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं. त्यांनी हॉर्न दाबून धरला आणि एस्टीम घरावरून तशीच पुढं काढली. बॅगा घेऊन शंकररावही मागोमाग गेले, कारण त्यांना दुसरं काही सांगितलेलं नव्हतं.

"अहो!" वासंतीबाई ओरडल्या. "अहो, कुठं चालले? भाकरतुकडा आहे हातात!"

देवळाला वळसा घालून, बस स्टँडवरून, ज्यांनी ज्यांनी गाडीला भंगार म्हटलं होतं त्यांच्या दारांवरून दोन्ही गाड्या परत आल्या. ओवी हात वर करून ओरडत होती. या खेपेला वासंतीबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. एस्टीम थांबली. त्यांनी मागचं दार उघडून ओवीला खुर्चीतच ओवाळलं, तिची दृष्ट काढली, गालाला हात लावून बोटं मोडली. पण तुकडा टाकला नाही. गाडीला वळसा घालून त्या पुढच्या खिडकीशी आल्या.

"डोकं बाहेर काढा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"माहं काऊन?"

"साऱ्या गावानं पाह्यलं आज तुमाले. काढा म्हणते नं."

नीळकंठरावांनी मुकाट्यानं डोकं बाहेर काढलं, आणि वासंतीबाईंनी तोच भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळून रस्त्याच्या कडेला टाकला.